शस्त्र बाळगण्याचा हक्क : सत्तावीस शब्दांचा वाद

टेक्सास राज्यातील यूव्हाल्डी या लहानशा गावातील प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी अठरा वर्षांच्या एका तरुणाने एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका यांना गोळ्या घालून ठार केले. अठरावा वाढदिवस उलटल्यावर काही दिवसांतच त्याने दुकानात जाऊन, रीतसर पैसे मोजून, लष्करी धाटणीच्या दोन रायफली विकत घेतल्या होत्या. त्या खरेदीत बेकायदेशीर असे काहीही नव्हते. या घटनेला महिना पुरा होण्याआधीच, २३ जून रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला एक कायदा रद्दबातल ठरवला. घराबाहेर पिस्तूल बाळगायचे असेल तर त्यासाठी सबळ कारण दाखवून परवाना घेतला पाहिजे, एवढेच त्या कायद्याचे म्हणणे होते. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायमूर्तींनी सांगितले की, घटनेने दिलेला हक्क बजावण्यासाठी नागरिकाने सरकारपुढे कारणे मांडण्याची गरज नाही.

ज्या न्यूयॉर्क राज्याचा हा कायदा होता, त्याच राज्यातील बफेलो शहरात १४ मे रोजी एका माथेफिरू वर्णद्वेष्ट्याने किराणा भुसाराच्या मोठ्या दुकानात दहा कृष्णवर्णीयांचे बळी घेतले होते. तेव्हा निकालाची वेळ तरी न्यायालयाने निवडायला नको होती, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. परंतु न्यायालये वेळ पाहून निकाल देत नाहीत, आणि देऊही नयेत. प्रश्न निकालाच्या वेळेचा नसून ज्या वाक्याच्या आधारे तो दिला गेला त्या वाक्याचा आहे. अमेरिकेच्या घटनेतील दुसरी दुरुस्ती म्हणजे मूळ इंग्रजीतील सत्तावीस शब्दांचे एकच वाक्य. त्याचा आशय असा की, सुव्यवस्थित लोकसेना ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यामुळे शस्त्रे ठेवण्याच्या व बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर अतिक्रमण होता कामा नये. १५ डिसेंबर १७९१ रोजी, हक्कांच्या सनदेचा भाग म्हणून हे वाक्य घटनेत आले. त्याच सनदेने भाषणस्वातंत्र्य दिले, धर्मस्वातंत्र्य दिले, आरोपीला जूरीपुढे न्याय मागण्याचा हक्क दिला. ते हक्क जगभरच्या घटनांनी आनंदाने उचलले. शस्त्राचा हक्क मात्र कोणी फारसा घेतला नाही. आज मेक्सिको आणि ग्वाटेमाला हे दोन देश सोडले तर कोणाच्याही घटनेत तो नाही, आणि या दोन देशांनीही त्याला कायद्याच्या भरपूर वेसणी घातल्या आहेत. अमेरिकन घटनेचे अनुकरण करणाऱ्या जगाने हे एकच कलम का वगळले?

लोकसेना आणि खडे सैन्य

हे वाक्य कोठून आले, हे समजल्याशिवाय ते कालबाह्य झाले की नाही हे ठरवता येत नाही. १६८८ च्या क्रांतीनंतर इंग्लंडच्या पार्लमेंटने १६८९ मध्ये जी सनद मान्य करून घेतली, तिच्यात प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपापल्या दर्जाला साजेशी, आणि कायद्याने मान्य केलेली, शस्त्रे आत्मरक्षणासाठी ठेवता येतील असे म्हटले होते. दुसऱ्या जेम्स राजाने प्रॉटेस्टंटांची हत्यारे काढून घेऊन कॅथॉलिकांना सशस्त्र केले, ही त्यामागची तक्रार होती. दर्जा आणि कायदा या दोन अटी त्या हक्काच्या पोटातच होत्या. अमेरिकन वसाहतवाल्यांनी हा वारसा आपल्याबरोबर नेला. १९ एप्रिल १७७५ रोजी बोस्टनहून निघालेली ब्रिटिश फौज काँकर्ड येथे साठवलेला दारूगोळा जप्त करण्यासाठीच चालली होती. वाटेत लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली आणि स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागले. ज्या राष्ट्राचा जन्मच सरकारी शस्त्रजप्तीच्या प्रतिकारातून झाला, त्याच्या मनात शस्त्राविषयी एक हळवा कोपरा राहिला तर ते समजण्यासारखे आहे.

पुढे घटना तयार झाली तेव्हा तिने मध्यवर्ती सरकारला सैन्य उभारण्याचा आणि घटकराज्यांच्या लोकसेनांची व्यवस्था लावण्याचा अधिकार दिला. घटनेच्या विरोधकांनी लगेच शंका काढली की, मध्यवर्ती सरकारने लोकसेनेला शस्त्रेच दिली नाहीत तर राज्यांनी काय करायचे? व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीने १७८८ साली हाच मुद्दा मोठ्या आवेशाने मांडला. दक्षिणेकडील राज्यांत लोकसेनेचे एक मोठे काम गुलामांवर पहारा ठेवण्याचे होते, हेही विसरता येत नाही. हेन्रीसारख्यांची काळजी किती प्रमाणात स्वातंत्र्याची होती आणि किती प्रमाणात गुलामांच्या बंडाची, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. जेम्स मॅडिसनने हक्कांच्या सनदेचा मसुदा केला तो मुख्यतः अशा शंकेखोरांचे समाधान करण्यासाठी. तेव्हा त्या वाक्यातील पहिला अर्धा भाग, म्हणजे लोकसेनेचा उल्लेख, हा निव्वळ अलंकार नव्हता. सारा वाद त्याच्याभोवतीच होता.

१७९२ च्या मे महिन्यात अमेरिकन काँग्रेसने लोकसेनेचा कायदा केला. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकाने स्वखर्चाने बंदूक, संगीन व काडतुसे मिळवून संचलनाला हजर राहावे, असे त्यात फर्मावले होते. म्हणजे ज्या पिढीने दुसरी दुरुस्ती केली त्या पिढीच्या दृष्टीने शस्त्र हे हक्काइतकेच, किंबहुना हक्काहून अधिक, कर्तव्य होते. त्या पिढीला शस्त्रावर निर्बंध घालण्याचेही वावडे नव्हते. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात नव्या सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ नाकारणाऱ्यांची हत्यारे पेनसिल्व्हेनियाने काढून घेतली. घरात भरलेली बंदूक ठेवू नये असा नियम बोस्टन शहरासाठी १७८३ मध्ये झाला, कारण आग लागली तर विझवायला जाणाऱ्यांच्या जिवावर बेतत असे. आणि सरकार जुलमी झाल्यास लोकांनी बंड करावे म्हणून हा हक्क दिला, असे जे आज हिरिरीने सांगितले जाते, त्याचे उत्तर खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनने दिले आहे. १७९४ मध्ये दारूवरील कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी हत्यारे उपसली तेव्हा दुसरी दुरुस्ती तीन वर्षांची होती. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने लोकसेना गोळा केली आणि स्वतः घोड्यावर बसून तो बंड मोडायला निघाला. बंडखोरांना घटनेने हक्क दिला आहे, असे त्याच्या मनातही आले नाही.

ही लोकसेना पुढे हळूहळू निकालात निघाली. १८१२ च्या युद्धात तिची उणीव उघडी पडली. १९०३ च्या कायद्याने तिची जागा नॅशनल गार्ड या सरकारी शिक्षण व सरकारी शस्त्रे घेतलेल्या दलाने घेतली. ज्या खड्या सैन्याचे भय १७९१ च्या अमेरिकनांना वाटत होते, ते सैन्य आज जगातील सर्वांत मोठ्या खर्चाचे सैन्य आहे, आणि दुसऱ्या दुरुस्तीचे कडवे समर्थकच बहुधा त्याचा अधिक अभिमान बाळगतात. या अर्थाने पाहिले तर दुरुस्तीचा पूर्वार्ध केव्हाच इतिहासजमा झाला आहे. १९३९ मध्ये नळी कापलेल्या बंदुकीसंबंधीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने हाच धागा धरला होता. लोकसेनेच्या उपयोगाशी अशा हत्याराचा संबंध दिसत नाही, म्हणून त्याला घटनेचे संरक्षण नाही, असा तो निर्णय होता. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे कायदेपंडितांत हाच अर्थ रूढ होता.

निःशस्त्र केलेल्यांची बाजू

एवढ्यावर थांबले तर निर्णय सोपा आहे. लोकसेना गेली, तेव्हा हक्कही गेला. पण या हक्काच्या बाजूने बोलणारे सगळेच बंदुकांच्या कारखानदारांचे भाट नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यातला जो गंभीर भाग आहे त्याकडे विशेषतः भारतीय वाचकाला पाठ फिरवता येणार नाही. कारण तो अनुभव भारताचाही आहे.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, परंतु दक्षिणेतील राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शस्त्र बाळगण्यास बंदी करणारे कायदे केले. १८७३ च्या ईस्टरच्या दिवशी लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायकचेरीच्या रक्षणासाठी जमलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या टोळीने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १८७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, दुसरी दुरुस्ती फक्त मध्यवर्ती सरकारला बांधते. इतर कोणी कोणाची हत्यारे हिसकावली तर ती दाद येथे मागता येणार नाही. १९५६ मध्ये माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यानंतर अहिंसेच्या त्या पुजाऱ्याने पिस्तुलाचा परवाना मागितला होता. तो त्यांना नाकारण्यात आला. परवाना देणे न देणे स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते आणि ती मर्जी गोरी होती. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर संघटनेचे तरुण बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले, तेव्हा रस्त्यावर भरलेली हत्यारे नेण्यास बंदी करणारे विधेयक झटपट संमत झाले. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन! शस्त्रनियंत्रणाला विरोध करणाऱ्यांचे पुढे दैवत झालेल्या नेत्याचा हा पूर्वेतिहास त्यांचे भक्त फारसा सांगत नाहीत. न्यूयॉर्कचा कायदा रद्द करणारा २०२२ चा निकाल न्यायमूर्ती क्लॅरेन्स टॉमस यांनी लिहिला. ते स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि हा सारा इतिहास त्यांनी आपल्या निकालपत्रांतून वारंवार मांडला आहे. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला हक्क हा हक्कच नव्हे, या त्यांच्या म्हणण्याला तोड नाही.

भारतातही नेमके हेच घडले होते. लिटनच्या कारकीर्दीत १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा झाला. त्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला होता. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने १८८२ मध्ये मागे घेतला. शस्त्रांचा कायदा मात्र तसाच राहिला, यावरून साहेबाला लेखणीपेक्षा कशाची धास्ती अधिक वाटत होती ते दिसून येते. महाराष्ट्रात तर कायदा झाल्यानंतर वर्षभरातच वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. काँग्रेसने अगदी आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्यात सवलत मागितली. महात्मा गांधींनी देखील १९१८ मध्ये सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात, एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे उद्गार काढले होते. अमेरिकेतील बंदूकवाले ते वाक्य संदर्भ तोडून आजही मोठ्या आवडीने उद्धृत करतात. १९३१ च्या कराची अधिवेशनात, वल्लभभाई पटेल अध्यक्ष असताना, मूलभूत हक्कांचा जो ठराव संमत झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्टपणे समाविष्ट होता.

मग तो भारताच्या घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ च्या आरंभी घटना समितीत या प्रश्नावर जी चर्चा झाली ती आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. हरी विष्णू कामत यांनी हा हक्क नागरिकांच्या इतर स्वातंत्र्यांच्या यादीत घालावा अशी उपसूचना मांडली. सार्वजनिक शांततेसाठी त्यावर निर्बंध घालण्याची मुभाही त्यांनी ठेवली होती. कामत हे आय. सी. एस. सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेले गृहस्थ. कराचीच्या ठरावाची आठवण देण्याचा अधिकार त्यांना निश्चित होता. डॉ. आंबेडकरांनी त्यांना दिलेले उत्तर कालबाह्यतेच्या प्रश्नाला थेट भिडणारे आहे. ब्रिटिशांनी शस्त्रे नाकारली ती शांतता राखण्यासाठी नव्हे, तर गुलाम प्रजेने परक्या सरकारविरुद्ध संघटित होऊ नये म्हणून. तेव्हा त्या काळच्या ठरावांमागची कारणपरंपराच आता उरलेली नाही, असे ते म्हणाले. कोणीही उठावे आणि बाजारात जाऊन हवी ती हत्यारे विकत घ्यावीत, अशी मोकळीक दिली तर राज्यकारभार कसा चालेल याची आपल्याला कल्पना करता येत नाही, असेही त्यांनी सांगितले. भर द्यायचाच असेल तर तो शस्त्राच्या हक्कावर नव्हे, संकटकाळी राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्यावर द्यावा, हा त्यांचा पुढचा मुद्दा होता. १७९२ चा अमेरिकन कायदा करणाऱ्यांना हा युक्तिवाद पुरेपूर पटला असता. कामतांची उपसूचना फेटाळली गेली.

हे उत्तर बिनतोड आहे, पण त्याला एक धार आहे ती दुसऱ्या बाजूनेही लागते. परकी सत्ता गेल्यामुळे शस्त्राच्या हक्काचे कारण संपले असेल, तर परक्या सत्तेने केलेल्या राजद्रोहाच्या कलमाचे कारणही तेव्हाच संपायला हवे होते. ते मात्र दंडविधानात २०२४ पर्यंत सुखेनैव नांदले, आणि गेले तेही नव्या संहितेत दुसरे रूप ठेवून. सोयीची कालबाह्यता सरकारला चटकन दिसते, गैरसोयीची दिसायला वेळ लागतो.

शिवाय परवान्याच्या पद्धतीने भारत बंदुकांपासून मुक्त झाला असे समजणे भाबडेपणाचे होईल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा घातली. असे असूनही जिनिव्हाच्या एका संशोधनसंस्थेने २०१८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार भारतात नागरिकांजवळ सुमारे सात कोटी बंदुका आहेत आणि त्यांपैकी नोंद झालेल्या एक कोटीही नाहीत. बिहारमधील मुंगेरचे गावठी कट्टे देशभर पोहोचतात. पुण्यात २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर आणि कोल्हापुरात २०१५ मध्ये गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्याच झाडल्या गेल्या. उत्तरेत कित्येक ठिकाणी परवाना हे संरक्षणाचे साधन नसून प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे आणि लग्नाच्या वरातीत हवेत उडवलेल्या गोळीने माणसे मरतात. गंमत अशी की, कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याच्या कोडव समाजाला ब्रिटिश अमदानीपासून परवान्याची सूट आहे, ती २०२९ पर्यंत वाढवण्यात आली आहे. कैलपोळ सणाला हे लोक घरातल्या बंदुकीची पूजा करतात. दसऱ्याला शस्त्रपूजा करणाऱ्या मराठी घराला त्यात परके वाटण्यासारखे काही नाही.

इतिहासाची कसोटी

अमेरिकेत कायद्याची दिशा पालटली ती २००८ मध्ये. राजधानी वॉशिंग्टनने १९७६ पासून हातपिस्तुलांवर बंदी घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उठवली. दुसऱ्या दुरुस्तीचा आधार घेऊन कायदा रद्द करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा हा पहिलाच प्रसंग होता. दुरुस्ती झाल्याला तेव्हा दोनशे सतरा वर्षे झाली होती. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी वाक्याचा पूर्वार्ध प्रस्तावनेसारखा मानला आणि उत्तरार्धातून लोकसेनेशी संबंध नसलेला, घरात आत्मरक्षणासाठी शस्त्र ठेवण्याचा व्यक्तिगत हक्क काढला. हे घडण्यामागे तीस वर्षांचे परिश्रम होते. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ मध्ये यादवी युद्धातील उत्तरेच्या लष्करी अधिकाऱ्यांनी स्थापन केली, ती सैनिकांची नेमबाजी सुधारावी म्हणून. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात तिची सूत्रे कडव्या गटाच्या हाती गेली आणि नेमबाजांच्या संघाचे रूपांतर अत्यंत बलिष्ठ अशा राजकीय दबावगटात झाले. वॉरन बर्गर हे निक्सन यांनी नेमलेले, वृत्तीने सनातनी सरन्यायाधीश. निवृत्तीनंतर १९९१ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी सांगितले की, दुसऱ्या दुरुस्तीच्या नावाने हितसंबंधी गटांनी अमेरिकन जनतेची केलेली फसवणूक ही आपण आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत मोठ्या फसवणुकींपैकी एक आहे. बर्गर यांना डावे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

तरीही स्कालियांनी काही दारे उघडी ठेवली होती. गुन्हेगार आणि मनोरुग्ण यांना शस्त्रबंदी करता येईल, शाळा व सरकारी इमारतींत शस्त्रे नेण्यास मनाई करता येईल, हा हक्क अमर्याद नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. २०२२ च्या निकालाने त्यापुढची पायरी गाठली. शस्त्रासंबंधीचा आजचा निर्बंध टिकायचा असेल तर त्याला देशाच्या इतिहासात, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, सदृश असा निर्बंध सापडला पाहिजे, अशी कसोटी न्यायालयाने घालून दिली. निर्बंधाने माणसे वाचतात की नाही, हा विचार करण्याची मुभाच न्यायाधीशांना उरली नाही. परिणामी देशभरच्या न्यायाधीशांवर जुने वटहुकूम आणि दारूगोळ्याच्या कोठारांचे नियम धुंडाळण्याची पाळी आली. या कसोटीचे फळ लवकरच दिसले. पत्नीला किंवा प्रेयसीला मारहाण केल्याबद्दल न्यायालयाने मनाई हुकूम काढलेल्या पुरुषाने शस्त्र बाळगू नये, असा १९९४ चा मध्यवर्ती कायदा आहे. अठराव्या शतकात असा कायदा नव्हता म्हणून अपील न्यायालयाने तो २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. नव्हता हे खरेच, कारण अठराव्या शतकात पत्नीला मारणे हा नवऱ्याच्या घरचा मामला समजला जात असे! जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी अपील न्यायालयाची चूक सुधारली. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती टॉमस यांचे होते. आपण घालून दिलेल्या कसोटीचा अर्थ निदान त्यांना तरी नेमका ठाऊक असावा.

आत्मरक्षणाच्या दाव्याची शहानिशा मात्र इतिहासात डोकावून होत नाही, आकड्यांकडे पाहावे लागते. वर उल्लेखिलेल्या संस्थेच्याच अंदाजाने अमेरिकेत नागरिकांजवळ एकोणचाळीस कोटींहून अधिक बंदुका आहेत. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. सरकारी नोंदीनुसार २०२३ मध्ये गोळी लागून ४६,७२८ माणसे मेली. त्यांतील सुमारे अठरा हजार खून होते, तर सत्तावीस हजारांहून अधिक आत्महत्या. चोर येईल म्हणून उशाखाली ठेवलेले पिस्तूल बहुतेक वेळा घरातल्याच निराश माणसाच्या हाती लागते, असा याचा अर्थ होतो. शाळांतील हत्याकांडांनी जग हादरते, पण एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा थोडा असतो. अमेरिकेतील मराठी घरांतून बालवाडीतले मूल घरी येऊन, बंदूकवाला आला तर बाकाखाली कसे गप्प बसायचे ते दाखवते, हा त्या थोड्या वाट्याचा परिणाम आहे. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात झालेला गोळीबार आणि २०१७ मध्ये कॅन्सासमधील ओलेथ येथे एका भारतीय अभियंत्याचा झालेला खून यांमुळे तिकडे स्थायिक झालेल्या भारतीयांना हा प्रश्न दुसऱ्याचा राहिलेला नाही. त्यांच्यातही काहींनी भीतीपोटी शस्त्र घेतले आहे. त्यांना दोष कसा द्यावा?

दुष्टाच्या हातातील बंदुकीला सज्जनाच्या हातातील बंदूक हेच उत्तर, हा रायफल असोसिएशनचा आवडता सिद्धान्त. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हूक येथे वीस बालके आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेल्यानंतर आठवडाभरात तिच्या प्रमुखाने तो जाहीरपणे सांगितला. बफेलोच्या दुकानात सशस्त्र पहारेकरी होता, तो निवृत्त पोलीस होता आणि त्याने हल्लेखोरावर गोळीही झाडली. हल्लेखोराच्या अंगात चिलखत होते. पहारेकरी मेला. यूव्हाल्डीच्या शाळेत तर पावणेचारशे सशस्त्र पोलीस जमले आणि हल्लेखोराच्या वर्गाचे दार उघडून त्याला ठार करीपर्यंत ७७ मिनिटे गेली.

न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी २००८ च्या निकालाला विरोध करणारे प्रदीर्घ मत लिहिले होते. फ्लॉरिडातील पार्कलँडच्या शाळेत सतरा जणांची हत्या झाल्यावर देशभरचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा मार्च २०१८ मध्ये सत्त्याण्णव वर्षांच्या या निवृत्त न्यायमूर्तींनी वृत्तपत्रात लेख लिहून दुसरी दुरुस्ती रद्दच करावी असे सुचवले. ती अठराव्या शतकाचा अवशेष आहे, असे त्यांचे मत होते. त्यांच्याच बाजूच्या अनेकांना हा सल्ला अडचणीचा वाटला, कारण तुमची बंदूक कोणी काढून घेणार नाही असे ते मतदारांना सांगत फिरत होते. दारूबंदीची अठरावी दुरुस्ती १९३३ मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने रद्द झाली, तेव्हा घटनेतील चूक सुधारता येते हे खरे. मात्र त्यासाठी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि पन्नासांपैकी अडतीस राज्यांची संमती लागते. शेवटची दुरुस्ती १९९२ मध्ये झाली आणि तीही मुळात मॅडिसनने १७८९ मध्येच मांडलेली होती. सँडी हूकनंतर बंदुकीच्या खरेदीदाराची चौकशी थोडी वाढवणारे साधे विधेयक सिनेटमध्ये एप्रिल २०१३ मध्ये आले, त्याला ५४ मते मिळाली. लागत होती साठ. २००८ चा निकाल जशाचा तसा मान्य केला तरी ते विधेयक घटनेत बसत होते. त्याला आडवी आली ती दुसरी दुरुस्ती नव्हे. लहान राज्यांतील सिनेटरांना पुढच्या निवडणुकीची काळजी होती. यूव्हाल्डीनंतर जून २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून एकवीस वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून चौकशी करणारा कायदा केला. जवळजवळ तीस वर्षांतला तो पहिला मोठा कायदा होता आणि न्यूयॉर्कच्या निकालानंतर दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली.

दुसऱ्या बाजूने घटकराज्ये उलट चालली आहेत. २०२४ अखेरपर्यंत एकोणतीस राज्यांनी परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगण्यास मुभा दिली होती. दुसरी दुरुस्ती रद्द करण्याचा ठराव उद्या काँग्रेसने संमत केला तरी तो रोखण्यास तेरा राज्ये पुरतात.